बॉलस्क्रूला मोटर किती मोठी लावायची? पहिल्यांदा हिशोब करणाऱ्यांसाठी

"चाळीस किलोचं टेबल हलवायचंय, किती वॅटची मोटर लावू?" नवीन माणूस हमखास असं विचारतो आणि जुना माणूस हमखास उलट विचारतो: किती अंतर, किती वेळात, आडवं की उभं, लीड (स्क्रूच्या एका फेऱ्यात सरकणारं अंतर) किती? विचारणाऱ्याला वाटतं हा टाळतोय. पण या चार गोष्टींशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नसतं. त्याच चाळीस किलोंना एका ठिकाणी १०० वॅटच्या मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुरून उरतो आणि दुसऱ्या ठिकाणी ७५० वॅटही धापा टाकते.

मोटर सगळ्यात शेवटी निवडायची असते. आधी हालचाल, मग स्क्रू (बॉलस्क्रू: आट्यांमध्ये बॉल फिरणारा स्क्रू, तो फिरला की त्यावरचा नट टेबल सरकवतो), मग बलं, मग इनर्शिया (वेग बदलायला भागांचा होणारा विरोध). हा क्रम पाळला तर हिशोब एका कागदावर मावतो. मोटर आधी आणून मग स्क्रू शोधायला निघालात तर प्रत्येक आकडा दुसऱ्याशी भांडतो.

खाली सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय. टेबल आणि त्यावरचा जॉब मिळून ४० किलो. आडवा अक्ष, खाली बॉलवाल्या एलएम गाइडच्या (सरळ रेषेत सरकवणाऱ्या रुळांच्या) दोन पट्ट्या, त्यांवर सरकणारे चार ठोकळे म्हणजे कॅरेज. स्क्रूच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगांमधलं अंतर ९०० मिमी. काम असं: ४०० मिमी पुढे १.५ सेकंदात, १ सेकंद थांबा, मग तसंच मागे. तुमचे आकडे वेगळे असतील, पायऱ्या त्याच राहतील.

## हाताशी काय हवं

- स्क्रूच्या कॅटलॉगचं पान: व्यास, लीड, रूट डाया (आट्यांच्या तळाशी मोजलेला व्यास), डीएन मर्यादा (खाली येते), प्रीलोडचा (खेळ राहू नये म्हणून आधीच दिलेल्या दाबाचा) टॉर्क
- मोटरची डेटाशीट: रेटेड टॉर्क (सतत देता येणारा), पीक टॉर्क (थोडा वेळच देता येणारा), रोटरची (मोटरच्या फिरणाऱ्या भागाची) इनर्शिया आणि टॉर्क-वेगाचा आलेख. आलेख नसेल तर ती डेटाशीट अर्धवट समजा.
- ड्राइव्हचं (मोटरला वीज देऊन चालवणाऱ्या यंत्रणेचं) मॅन्युअल, त्यातलं इनर्शिया रेशोचं (भाराची इनर्शिया भागिले रोटरची) पान
- वजनकाटा, आणि घर्षण मोजायला एक स्प्रिंगचा ताणकाटा
- स्प्रेडशीट, किंवा कागद आणि कॅलक्युलेटर

उत्पादकांची सायझिंग सॉफ्टवेअर चांगली असतात, जरूर वापरा. पण एकदा हाताने करून मग वापरा. तुम्ही मिमीच्या जागी सेंमी भरलेत तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, शांतपणे चुकीची मोटर सुचवतं. उत्तर साधारण किती यायला हवं हे आधीच माहीत असलेला माणूसच ते पकडतो.

## १. हालचाल कागदावर उतरवा

४०० मिमी भागिले १.५ सेकंद म्हणजे २६७ मिमी प्रति सेकंद. हा आकडा लिहा आणि खोडून टाका. हा सरासरी वेग आहे आणि मोटरला सरासरी वेगाने काही देणंघेणं नसतं. टेबल थांबलेल्या अवस्थेतून निघतं, वेग घेतं, पळतं, वेग सोडतं आणि थांबतं. त्यामुळे मधला वेग सरासरीपेक्षा बराच जास्त लागतो.

सुरुवातीला वेळेचे तीन समान भाग करा: ०.५ सेकंद वेग घ्यायला, ०.५ एकसारख्या वेगाने, ०.५ वेग सोडायला. अशा वेळी कमाल वेग सरासरीच्या दीडपट येतो, म्हणजे इथे ४०० मिमी प्रति सेकंद. प्रवेग = ०.४ ÷ ०.५ = ०.८ मीटर प्रति सेकंद².

दोन गोष्टी इथेच विचारून घ्या. पहिली: १.५ सेकंदात पोचायचंय, की १.५ सेकंदात पोचून स्थिर व्हायचंय? यंत्राचा पुढचा टप्पा "पोचलो" या सिग्नलची वाट पाहत असेल तर स्थिरावण्याचा वेळही त्याच दीड सेकंदातून जातो आणि प्रवेग वाढवावा लागतो. दुसरी: एस-कर्व्ह (प्रवेग एकदम न लावता हळूहळू चढवणं-उतरवणं) वापरणार का? वेग घ्यायचा वेळ तेवढाच ठेवून संपूर्ण एस-कर्व्ह लावला तर प्रवेगाचं टोक दुप्पट होतं. हालचाल मऊ दिसते, पण मोटरकडून मागणी जास्त होते. बऱ्याच जणांचा समज नेमका उलट असतो.

## २. लीड ठरवा, आणि स्क्रूला तो वेग झेपतो का ते बघा

लीड म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात नट किती सरकतो. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. एका स्टार्टच्या (एकच आटा गुंडाळलेल्या) स्क्रूत दोन्ही सारखे असतात, जास्त स्टार्ट असतील तर नसतात. हिशोबात कायम लीड घ्यायची. कोडमध्ये "२०१०" असं लिहिलेलं असलं की बहुधा व्यास २० मिमी आणि लीड १० मिमी, तरी पान उघडून खात्री करा.

आपल्याला ४०० मिमी प्रति सेकंद हवेत. मग:

- ५ मिमी लीड: सेकंदाला ८० फेरे, ४८०० आरपीएम
- १० मिमी लीड: सेकंदाला ४० फेरे, २४०० आरपीएम
- २० मिमी लीड: सेकंदाला २० फेरे, १२०० आरपीएम

नवीन माणूस इथे ५ मिमीकडे ओढला जातो, कारण कमी लीड म्हणजे कमी टॉर्क आणि जास्त रिझोल्यूशन. पण मोटरच्या आधी स्क्रूच हात टेकतो. त्याच्या वेगाला दोन मर्यादा आहेत.

एक म्हणजे क्रिटिकल स्पीड. ठरावीक वेगापलीकडे लांब स्क्रू मध्यभागी दोरउड्यांच्या दोरीसारखा फुगतो आणि थरथरायला लागतो. सूत्र असं:

क्रिटिकल आरपीएम = गुणक × रूट डाया × १,००,००,००० ÷ (आधारांमधलं अंतर)²

अंतरं मिमीमध्ये. गुणक टोकांच्या बेअरिंगवर ठरतो: दोन्ही टोकं फिक्स (घट्ट धरलेली) असतील तर २१.९, एक फिक्स आणि एक सपोर्ट (नुसता आधार) असेल तर १५.१, दोन्ही नुसती सपोर्ट असतील तर ९.७, एक फिक्स आणि दुसरं मोकळं असेल तर ३.४. या गुणकांत २० टक्क्यांची सूट आधीच धरलेली आहे, वरून पुन्हा धरू नका. आपला २० मिमी स्क्रू, रूट डाया साधारण १७ मिमी, एक फिक्स आणि एक सपोर्ट: १५.१ × १७ × १,००,००,००० ÷ ८,१०,००० = सुमारे ३१७० आरपीएम. १० मिमी लीडचे २४०० यात आरामात बसतात, ५ मिमी लीडचे ४८०० बसत नाहीत.

सूत्रात लांबीचा वर्ग आहे हे लक्षात ठेवा. याच स्क्रूवर हा अक्ष १२०० मिमीचा झाला तर मर्यादा १७८० वर येते आणि १० मिमी लीडही बाद होते. "जरा लांब केलं तर काय होतंय" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

दुसरी मर्यादा डीएन, म्हणजे व्यास गुणिले आरपीएम. ही बॉल नटमध्ये परत वळताना किती आपटतात याची मर्यादा आहे. रोल केलेल्या (आटे दाबून घडवलेल्या) स्क्रूंना ती साधारण ५०,००० असते, ग्राइंड केलेल्यांना (घासून बनवलेल्यांना) ७०,००० किंवा त्याहून जास्त. नेमका आकडा कॅटलॉगमधूनच घ्यायचा. आपलं २० × २४०० = ४८,०००. बसतंय, पण काठावर. उद्या कुणी "सायकल टाइम अजून थोडा कमी करू" म्हणालं तर मोटर नव्हे, हा स्क्रू आडवा येईल. कागदावर तसं लाल पेनाने लिहून ठेवा.

दाबाखाली स्क्रू वाकेल का, हेही कॅटलॉगच्या सूत्राने बघून घ्या. या आकाराच्या आणि एवढ्या बलाच्या अक्षात ते क्वचितच आडवं येतं.

लीड १० मिमी पक्की करू.

## ३. बलं गोळा करा

आडव्या अक्षात तीन बलं असतात.

वेग घेण्याचं बल: वस्तुमान × प्रवेग = ४० × ०.८ = ३२ न्यूटन.

घर्षण: बॉलवाल्या गाइडचा घर्षणांक इतका कमी असतो की ४० किलोंना त्यातून जेमतेम ४ न्यूटन लागतात. खरं घर्षण कॅरेजच्या सीलमधून येतं, शिवाय केबल चेन (वायरी सोबत नेणारी साखळी) आणि बेलोज (घडीचं आवरण) असतील तर त्यांतून. त्याचं सूत्र शोधत बसू नका. टेबल गाइडवर बसवलेलं असेल आणि नट अजून जोडला नसेल तर ताणकाट्याचा हूक टेबलाला अडकवा, हळू आणि एकसारखं ओढा आणि काटा वाचा. अडीच किलो दाखवला तर २५ न्यूटन. सरकायच्या आधीचा पहिला झटका वेगळा लिहा, ओढत असतानाचा आकडा वेगळा. टेबल अजून बनलंच नसेल तर कॅरेजच्या पानावरचं सीलचं घर्षण गुणिले चार करा आणि वर थोडं धरा. आपण २५ न्यूटन धरू.

बाहेरचं बल: ड्रिल दाबायचं असेल, ब्रश घासायचा असेल, प्रेस करायचं असेल तर ते. आपल्या उदाहरणात शून्य. तुमच्याकडे असेल तर ते फेरीच्या कुठल्या भागात लागतं हेही लिहा, सगळीकडे लावून टाकू नका.

एकूण, वेग घेताना ५७ न्यूटन. सहा किलोंपेक्षाही कमी! चाळीस किलो उचलायचे नसून ढकलायचे आहेत, हे इथे डोळ्यांना दिसतं.

## ४. बलाचा टॉर्क

टॉर्क = बल × लीड ÷ (६.२८ × कार्यक्षमता)

बॉलस्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरा. साध्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूची ०.२ ते ०.४ असते, त्यामुळे कुणाचं जुनं शीट वापरत असाल तर हा खण आधी तपासा. लीड मीटरमध्ये: ०.०१.

- घर्षणासाठी: २५ × ०.०१ ÷ ५.६५ = ०.०४४ न्यूटन-मीटर
- टेबलाला वेग देण्यासाठी: ३२ × ०.०१ ÷ ५.६५ = ०.०५७ न्यूटन-मीटर

यात एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण विसरतो: स्क्रू रिकामा फिरवायलाही टॉर्क लागतो. नटातला प्रीलोड, फिक्स बाजूच्या जोडी बेअरिंगचा प्रीलोड, ग्रीस आणि सील. हे मोजायची सोपी युक्ती आहे. मोटर काढा, कपलिंगच्या (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या भागाच्या) अंगाभोवती दोरा गुंडाळा, टोकाला वजन लटकवा आणि ते वाढवत न्या. कपलिंगचा व्यास ४० मिमी असेल आणि अर्धा किलो वजनाला स्क्रू सावकाश फिरू लागला तर टॉर्क ०.५ × ९.८१ × ०.०२ = साधारण ०.१ न्यूटन-मीटर. टेबल नटाला जोडलेलं असताना मोजलंत तर त्यात गाइडचं घर्षणही येतं, मग वरची ०.०४४ पुन्हा मिळवू नका. आपण नुसत्या स्क्रूचे ०.१० धरू. म्हणजे गाइडच्या घर्षणाच्या दुपटीहून जास्त!

एककांचा सापळा इथेच आहे. जुन्या डेटाशीटमध्ये टॉर्क किलो-सेंमीमध्ये असतो, १ किलो-सेंमी म्हणजे ०.०९८ न्यूटन-मीटर. काही ठिकाणी औंस-इंच असतात, १४१.६ औंस-इंच म्हणजे १ न्यूटन-मीटर. सगळं पहिल्या ओळीतच एका एककात आणा.

## ५. फिरणाऱ्या भागांची इनर्शिया

या पायरीवर घाई करू नका. इनर्शिया किलो-सेंमी² मध्ये लिहिली की आकडे सुटसुटीत राहतात (मोटरच्या डेटाशीटमध्ये बहुतेक वेळा किलो-मीटर² गुणिले दहाचा उणे चौथा घात असं असतं, तोच हा आकडा).

टेबलाची, मोटरच्या शाफ्टवरून दिसणारी: वस्तुमान × (लीड सेंमीत ÷ ६.२८)² = ४० × (१ ÷ ६.२८)² = १.०१

पोलादी स्क्रूची: ०.०००७७ × लांबी सेंमीत × (व्यास सेंमीत)⁴ = ०.०००७७ × ९० × १६ = १.११

कपलिंगची, कॅटलॉगमधून: ०.१५

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. जेमतेम सव्वादोन किलोचा स्क्रू मोटरला चाळीस किलोंच्या टेबलापेक्षा जड वाटतो. म्हणून "टेबल हलकं करू या" यावर डोकं खर्च करण्याआधी स्क्रूकडे बघा. व्यासाचा चौथा घात आहे: "मजबूत असू दे" म्हणून २० ऐवजी ३२ मिमीचा स्क्रू घेतलात तर त्याची इनर्शिया १.११ वरून ७.२७ वर जाते. मोटरची बरीचशी ताकद मग स्क्रू फिरवण्यातच जाते, शिवाय डीएन मर्यादा आधी गाठली जाते. जाड स्क्रूला कारण हवं: लांबी, बल किंवा आयुष्य. नुसती धास्ती हे कारण नव्हे.

लीडचा वर्ग टेबलाच्या ओळीत आहे. लीड २० केली तर १.०१ चे ४.०५ होतात. वेग निम्मा होतो आणि स्क्रू खूश होतो, पण टेबलाचा भार मोटरला चौपट जाणवतो. लीड ठरवताना ही रस्सीखेच कायम असते. ५ मिमी वेगात मरते, २० मिमी इनर्शियात महाग पडते, म्हणून मधल्या वेगाच्या बऱ्याच अक्षांना शेवटी १० मिमी बसते.

भाराची एकूण इनर्शिया: १.०१ + १.११ + ०.१५ = २.२७ किलो-सेंमी².

आता फिरणाऱ्या भागांना वेग द्यायचा टॉर्क. २४०० आरपीएम म्हणजे २५१ रेडियन प्रति सेकंद, ते ०.५ सेकंदात, म्हणजे ५०३ रेडियन प्रति सेकंद². यासाठी रोटरची इनर्शियाही लागते आणि मोटर तर अजून निवडलेली नाही. मग एक अंदाजी मोटर धरायची, नंतर बदलायची. ४०० वॅटची लो इनर्शिया सर्व्हो (आपली जागा मोजून स्वतःला सावरत राहणारी मोटर), रोटर ०.२८ धरू. स्क्रू, कपलिंग आणि रोटर मिळून १.५४ ÷ १०,००० × ५०३ = ०.०७७ न्यूटन-मीटर. टेबलाची १.०१ इथे पुन्हा घ्यायची नाही, तिचा टॉर्क चौथ्या पायरीत ०.०५७ म्हणून आलाय.

## ६. बेरीज, आणि मग आरएमएस

- वेग घेताना: ०.०४४ + ०.१० + ०.०५७ + ०.०७७ = ०.२७८ न्यूटन-मीटर
- एकसारख्या वेगात: ०.१४४
- वेग सोडताना: घर्षणच बहुतेक काम करतं, जवळजवळ ०.०२
- थांबलेलं असताना: आडव्या अक्षात शून्य धरा

मोटर तापते ती टॉर्कच्या वर्गाने, म्हणून सरासरी नव्हे तर आरएमएस काढायचा. प्रत्येक भागाच्या टॉर्कचा वर्ग गुणिले त्या भागाचा वेळ, सगळ्यांची बेरीज, भागिले पूर्ण फेरीचा वेळ, आणि वर्गमूळ. इथे (०.२७८² × ०.५ + ०.१४४² × ०.५ + नगण्य) ÷ २.५, वर्गमूळ ०.१४ न्यूटन-मीटर.

म्हणजे पीक ०.२८, आरएमएस ०.१४. पीकची तुलना मोटरच्या पीक टॉर्कशी आणि आरएमएसची रेटेड टॉर्कशी. दोघांची अदलाबदल करून दुप्पट मोठी मोटर घेणारे खूप आहेत.

सेफ्टी फॅक्टर इथे, एकदाच लावा. सर्व्होचा आरएमएस रेटेडच्या ७० ते ८० टक्क्यांत राहिला की पुरे. घर्षणावर दीडपट, बलावर दीडपट, टॉर्कवर दीडपट असं चढवत गेलात तर जवळजवळ साडेतीन पट होतं आणि कुठे किती धरलं ते तुम्हालाही आठवत नाही.

आपत्कालीन थांब्याचं गणितही करून ठेवा. टोकाला लिमिट स्विचपासून स्टॉपरपर्यंत २० मिमीच जागा असेल तर ०.४ मीटर प्रति सेकंदावरून थांबायला ४ मीटर प्रति सेकंद² लागतात, म्हणजे रोजच्या पाचपट. इथे मोटरचं पीक ते सहज पेलतं. पण वेगवान अक्षात हाच आकडा पीक ठरवतो.

## ७. आता मोटर: वेग, टॉर्क, इनर्शिया

टॉर्कच्या नजरेने १०० वॅटची सर्व्हो पुरते: रेटेड ३००० आरपीएम, ०.३२ न्यूटन-मीटर. आपला आरएमएस ०.१४, वेग २४००. दोन्हींत पास. बरेच जण इथे थांबून ऑर्डर देतात.

पण तिच्या रोटरची इनर्शिया ०.०५ किलो-सेंमी²च्या आसपास असते. भाराची २.२७. रेशो ४५. मोटरला टेबल हलवता येईल, सांभाळता येणार नाही. कपलिंग आणि स्क्रू थोडे पिळतात, भार मागेपुढे होतो, आणि एवढासा रोटर त्याला आवरायला जातो तेव्हा स्वतःच हेलकावतो. गेन (चूक सावरायचा ड्राइव्हचा जोर) वाढवला की शिट्टी वाजते, कमी केला की टेबल थांबायला वेळ लावतं, आणि दीड सेकंदात स्थिर होण्याचं गणित तिथेच कोसळतं.

४०० वॅट, रोटर ०.२८: रेशो ८. हे चालेल. २०० वॅटला तो साधारण १४ येतो. ड्राइव्हचं ऑटोट्यूनिंग (गेन आपोआप जुळवणं) चांगलं असेल आणि थांबताना थोडी सवड असेल तर तीही चालेल. त्याच वॅटची हाय इनर्शिया आवृत्ती मिळत असेल तर ती बघा, अशा अक्षाला बहुतेक वेळा तीच शहाणी निवड असते. रेशोला निसर्गनियमासारखी एकच मर्यादा नाही. दहाच्या आत असेल तर ट्यूनिंग निवांत होतं. त्यापुढे कपलिंग किती ताठ आहे आणि ड्राइव्हचं मॅन्युअल किती परवानगी देतं यावर ठरतं. बेल्टने २ ला १ केलं तर भाराची इनर्शिया चौथाई होते, पण मोटरला ४८०० आरपीएम फिरावं लागेल. इथे नको.

मी या अक्षाला ४०० वॅट लावेन. टॉर्क चौपट फुकट जातोय असं वाटेल, पण ती किंमत रोटरच्या इनर्शियासाठी आहे.

## ८. हाच अक्ष उभा केला तर

आता ४० × ९.८१ = ३९२ न्यूटन कायम खाली ओढतायत. वर जाताना एकसारख्या वेगात (३९२ + २५) × ०.०१ ÷ ५.६५ + ०.१० = ०.८४ न्यूटन-मीटर. वेग घेताना ०.९७. वर-खाली पूर्ण फेरी आणि थांबून धरून ठेवणं धरलं की आरएमएस साधारण ०.६३. आडव्यात थांबा म्हणजे विश्रांती होती, उभ्यात थांबूनही मोटर कामच करत असते. २०० वॅटची रेटेड ०.६४, म्हणजे अगदी काठावर, नको. ४०० वॅटची १.२७, ठीक. या वेळी इनर्शिया नव्हे, गुरुत्वाकर्षण मोटर ठरवतं.

ब्रेकशिवाय उभा बॉलस्क्रू लावू नका. हा स्क्रू उलटा सहज फिरतो: वीज गेली की टेबल खाली येतं, खाली कुणाचा हात असला तरी येतं. ब्रेकवाली मोटर घ्या आणि ब्रेकचा धरून ठेवण्याचा टॉर्क तपासा. मोटरमधला ब्रेक थांबलेला भार धरण्यासाठी असतो, पळता भार थांबवण्यासाठी नाही. काम करताना माणूस भाराखाली जाणार असेल तर एकट्या ब्रेकवर विसंबू नका, यांत्रिक अडसर किंवा पिन ठेवा.

खाली येताना भारच मोटर फिरवतो आणि ऊर्जा ड्राइव्हमध्ये परत येते, इथे शंभर वॅटच्या आसपास. छोट्या ड्राइव्हचा कपॅसिटर ती थोडा वेळ गिळतो, मग ओव्हरव्होल्टेजचा अलार्म येतो. रीजनरेशनचा (ही परत येणारी ऊर्जा जिरवणारा) रेझिस्टर लागतो का ते मॅन्युअलमधून आधीच बघा.

## ९. स्टेपर चालेल का?

स्टेपर म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर. या अक्षाला, नाही. स्टेपरवर ठळक छापलेला आकडा होल्डिंग टॉर्क, म्हणजे थांबलेला असतानाचा. १.८ अंशांच्या स्टेपरच्या एका फेऱ्यात ५० विद्युत आवर्तनं असतात. २४०० आरपीएमला ती सेकंदाला २००० होतात. वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे प्रवाह चढायच्या आतच दिशा बदलायची वेळ येते आणि टॉर्क वितळून जातो. ड्राइव्हचा व्होल्टेज वाढवला की आलेख थोडा उजवीकडे सरकतो, चमत्कार होत नाही.

वेग ६००-८०० आरपीएमच्या आत असेल तर स्टेपर छान काम करतो. तेव्हा तुमच्या ड्राइव्हच्या व्होल्टेजचा पुल-आउट आलेख (स्टेप न चुकवता मिळणारा टॉर्क) घ्या, तुमच्या वेगावर टॉर्क वाचा, आणि त्याच्या निम्माच आपला माना. सर्व्होला क्षणभर जास्त मागितलं तर ती देते. स्टेपर स्टेप चुकवतो, आणि एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) नसेल तर कुणाला सांगतही नाही.

## १०. ऑर्डरच्या आधी आणि जोडणीनंतर

कंट्रोलरची पल्स (मोटर किती फिरवायची ते सांगणारे सिग्नल) मर्यादा बघा. ड्राइव्ह एका फेऱ्याला १०,००० पल्स मागत असेल तर सेकंदाला ४० फेरे म्हणजे ४,००,००० पल्स. साध्या कंट्रोलरला ते झेपत नाही, मग ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर बदलून पल्स कमी कराव्या लागतात. आणि एन्कोडरचं रिझोल्यूशन म्हणजे अचूकता नव्हे. सी७ अचूकता वर्गाचा स्क्रू ३०० मिमीत ०.०५ मिमीपर्यंत चुकू शकतो, मोटर कितीही बारीक मोजो.

जोडणी झाली की ड्राइव्हच्या मॉनिटरवर टॉर्क टक्क्यांत बघा. आपल्या आडव्या अक्षाला ४०० वॅटवर एकसारख्या वेगात साधारण ११ टक्के दिसायला हवेत, वेग घेताना २२. पंधरा-सोळा दिसले तर ग्रीस नवं आहे, थोडं चालू द्या. तीस-चाळीस दिसत असतील तर मोटर लहान नाही, कुठेतरी काहीतरी अडकतंय. टेबल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. फिक्स बेअरिंगजवळ टक्के चढत असतील तर नट ब्रॅकेट स्क्रूच्या रेषेत नाही: त्याचे बोल्ट ढिले करा, टेबल त्याच टोकाला नेऊन नट आपोआप बसू द्या, आणि तिथेच बोल्ट आवळा. दोन्ही टोकांना सारखेच जास्त असतील तर गाइडच्या पट्ट्या समांतर आहेत का ते डायल लावून बघा. ब्रॅकेट सोडून नुसता स्क्रू फिरवल्यावरही टक्के तेवढेच राहिले तर दोष फिक्स बेअरिंगच्या लॉकनटात किंवा कपलिंगच्या रेषेत आहे.